एकच पांढरं लुगडं

२ ऑक्टो., ब्रह्मपुरी
नागपूरहून प्राजक्ता नावाच्या पोरीचा फोन. छप्पनच्या धम्मदीक्षेले मैदानावर हजर असलेल्या साध्यासुध्या बायांचं पुस्तक करून राह्यली. "शहराच्या इतिहासात नेतेच येतात, ताई." रविवारी येते. मायले सांगितलं तं दोन घास जास्त जेवली. आता साऱ्या वस्तीले सांगत सुटन.

५ ऑक्टो., रवि.
मायनं सारं सांगितलं. आबासोबत, म्हणजे तिच्या बापासोबत, छोट्या रेल्वेनं निघाली ते, मैदानावरच्या चुली, जिकडे तिकडे पांढरंच पांढरं. जनमभर ऐकलेलं. प्राजक्ता रडली. मी चहा टाकला.

६ ऑक्टो.
बरबटीच्या शेंगा निवडता निवडता माय म्हणते, "मंदे, मी गेलीच नव्हती."
"कुठी?"
"नागपूरले."
दीक्षेले पांढरं नेसूनच जायचं, अन् घरात पांढरं लुगडं एकच. शांतामावशी मोठी, तिले नेसवून आबा घेऊन गेला. माय राह्यली धानाच्या राखणीले. मावशी आली अन् रोज तेच सांगे. सालभरात बाळंतपणात गेली. आजी जेवेना. "मंग मीच सांगू लागली, तिच्यासारखी. मी गेली, मी पाह्यलं. बुडी ऐके अन् जेवे. तेच तोंडात बसलं."
मले राग याले पाह्यजे होता. नाई आला. काहीच नाई आलं. भाजी फोडणीले टाकली.

९ ऑक्टो.
प्राजक्ताचा फोन. मायचं प्रकरण पुस्तकात पहिलंच ठेवलं म्हणे. सांगू सांगू म्हटलं अन् तोंडून निघालं, "बरं."

१२ ऑक्टो.
शेवटी प्राजक्ताले फोनवर सारं खरं सांगितलं. ती म्हणे, "ताई, आम्ही ज्यांनी पाहिलं त्यांच्याच तोंडचं घेतो. शांताबाईंचा काही कागद, फोटो?"
कायचा फोटो! मावशीचं नावसुद्धा आता आम्ही दोघीच घेतो.
"मग हे प्रकरण पुस्तकातून काढावं लागेल. नाहीतर... तुम्ही मला हे सांगितलंच नाही, असं धरू?"
उद्या पाचपर्यंत कळवा म्हणाली.

१३ ऑक्टो.
मायले समजावलं. खोटं ठेवलं तं तुह्या नावानं छापतीन. खरं धरलं तं प्रकरणच निघते, मावशीचं काहीच नाई राहात.
माय म्हणे, "आधी लुगड्यापायी तिचा राग धरला. मंग तिची गोष्ट घेतली. आता पुस्तकातली जागा बी घेऊ?"
पाचले फोन वाजला. मी उचलायच्या आधी मायनं हिसकला. "लिहून घे पोरी. माही बहीण शांता मैदानावर पोचली तवा..."
अर्धा तास बोलली. मी बाजूलेच बसून. पलीकडून हूं नाई का चूं नाई. ती ऐकून राह्यली का लाइन कटली, पाह्यलं नाई मी.