श्वासाची नस

दि. ४ नोव्हेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि. नमस्कार एकाच हाताचा आहे, चालवून घे.

माझ्या मागच्या पत्रातल्या सात चुका लाल शाईने दुरुस्त करून परत पाठवल्यास. प्रूफं तपासणाऱ्या बाईने आजारी भावाला तरी सोडावं.

पाट्या रंगवताना शिडीवरून पडलो त्याला दहा महिने झाले, ऑपरेशनला आठ. उजवा हात टेबलावर टेकवला की बोटं लिहितात, ब्रशही धरतात, पण कोपर काही वाकत नाही. दंडाची नस तुटली म्हणून डॉक्टरांनी फासळ्यांमधल्या श्वासाच्या नसा तिथे जोडल्या. त्या रोज केसभर वाढत दंडात उतरतात म्हणे. तोवर स्नायू वाट बघतो, आणि फार उशीर झाला तर वाळून जातो. वर्षाच्या आत काहीतरी हलायला हवं, असं ते म्हणालेत.

व्यायाम घेणाऱ्या बाई बजावतात, की कोपराचा विचार सोडा, खोल श्वास घ्या, दंडाला हुकूम आता तिथूनच जाणार. मी नेमका श्वास रोखून जोर लावतो. जन्मभराची सवय, जाईल कशी?

ताई, मला भीती वाटते. घरात कुणाला बोललो नाही.

लोभ असू दे, लाल शाई जरा आवर.
तुझा बोरू

दि. १२ नोव्हेंबर

चि. बोरूस,
पोटभर आशीर्वाद.

‘भीती’तल्या दोन्ही वेलांट्या बरोबर दिल्यास. लहानपणापासून ऱ्हस्व काढायचास, या वेळी एवढं जपून लिहिलंस म्हणजे खरोखरच घाबरलेला दिसतोस. घाबर, पण एकट्याने नको.

इथली एक गंमत ऐक. आमच्या गल्लीतल्या सलूनवाल्याने नवी पाटी लावली. रंगवणाऱ्याने ‘केशकर्तनालय’च्या जागी हातभर अक्षरांत ‘क्लेशकर्तनालय’ लिहिलंय. मला कुठलं राहवतंय, गेले आत. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, की राहू द्या बाई, पाटी लागल्यापासून गिऱ्हाईक दुप्पट झालंय, टकलेसुद्धा येऊन बसतात. काल एक जण तासभर सासूबद्दल बोलला आणि केस न कापताच गेला. जाताना पुढच्या आठवड्याची वेळ मात्र ठरवून गेला.

तुझ्या धंद्यातली माणसं अशी! तू लवकर कामाला लागायला हवंस.

माया आहेच, ती काही मागावी लागत नाही.
ताई

दि. १९ नोव्हेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि. आज घाईत आहे.

तुझं पत्र हिला मोठ्याने वाचून दाखवत होतो. टकल्यांपर्यंत आलो आणि हसू आवरेना. ही एकदम म्हणाली, अहो, दंड हलला. मी हसायचा थांबलो, तोही थांबला. मग हिने मला सासूचा भाग तीनदा वाचायला लावला. चौथ्यांदा हसू येईना, तर गुदगुल्या केल्या.

दुसऱ्या दिवशी बाईंनी दंडावर बोट ठेवून श्वास घ्यायला सांगितलं. स्नायू गोळा झाला! हात उचलला नाही अजून, पण नस पोचली. बाई म्हणाल्या, हसताना तुम्ही जोर लावायला विसरलात, एवढंच. पुढे महिनोन्‌महिने मेहनत आहे. करीन.

त्या सलूनवाल्याला माझ्यातर्फे नमस्कार सांग.

असाच लोभ ठेव.
तुझा बोरू

दि. २७ नोव्हेंबर

चि. बोरूस,
आशीर्वाद, जेवढे असतील तेवढे सगळे.

नमस्कार कुणाला सांगू? आमच्या गल्लीत सलूनच नाही.

वाळलेला दंड तू बाहीखाली झाकतोस, हे तुझ्या बायकोने मला आधीच कळवलं होतं. खोकला आला, हसू आलं तरी दंडाला हुकूम जातो असं व्यायामाच्या बाई म्हणतात, पण हे घरात हसतच नाहीत, असंही तिने लिहिलं होतं. मला विनोद जमत नाही, तुला ठाऊक आहे. आठ कागद फाडले. तीस वर्षं लोकांच्या चुका काढल्या, ही एक मात्र मी मुद्दाम केली.

तुझं पत्र कचेरीत उघडलं आणि तिथेच रडले. समोरच्या प्रूफात त्या दिवशी काय काय सुटलं, देव जाणे.

आता रोज श्वास घे, बाबा. मीसुद्धा आठ महिन्यांनी कालच नीट घेतला.

तुझी
ताई