गाडी थांबते, मास्तर

तीर्थरूप मास्तरांच्या चरणी, आरशात मागचं-पुढचं नीट बघून, जावयाचा सावकाश नमस्कार.

('बाबा' लिहायचं असं ठरवून बसलो होतो. पण लग्नाला इतकी वर्षं होऊनही हात 'मास्तर'वरच जातो. ज्यांनी क्लच सोडायला शिकवताना भर रस्त्यात आपल्याला गाढव म्हटलं, त्यांना एकाएकी वडील म्हणणं जड जातं. राग नसावा.)

तुमचा गुडघा आता कसा आहे? दुखतो तो ब्रेकच्या पायाचाच ना? मला त्याची फार काळजी वाटते, आणि का वाटते ते पुढे येईलच. आईंची नवी कवळी बसली का, की अजून डब्यातच असते? इकडे माझी तब्येत ठीक आहे. म्हणजे जेवण जात नाही, आणि झोपेत पाय आपोआप ताणला जाऊन पलंगाच्या पायथ्याची फळी निखळली आहे, पण बाकी ठीक. फोन सोडून पत्र का, याचं नवल वाटलं असेल. तर तुमच्याकडचा फोन हल्ली तुमची लेकच उचलते आणि मी 'हॅलो' म्हणायच्या आत 'ब्रेक झाले का?' असं विचारते. 'झाले' म्हटलं की 'कोण म्हणतं?' असं विचारते. म्हणणारा मी एकटाच असतो. मग ती 'बरं, वेळेवर जेवत जा' म्हणून फोन ठेवते. ब्रेक नीट झाल्याशिवाय परत पाऊल टाकणार नाही, असं ती जाताना बजावून गेली आहे. गाडीत नव्हे मास्तर, घरात. आणि ब्रेकच्या बाबतीत तिचा या जगात एकाच माणसावर विश्वास आहे, तो म्हणजे तुमच्यावर. म्हणून हा पत्रप्रपंच.

आता गाडीविषयी. तुम्ही पाहिलीत तेव्हा ती अर्धीच उभी राहिली होती. एका जुन्या शर्यतीच्या गाडीचं चित्र बघून, गॅरेजमध्ये, स्वतःच्या हाताने बांधलेली ही तिची हुबेहूब प्रतिकृती (मूळ गाड्या जगात फार थोड्या उरल्यात, त्यामुळे शेजारी आणून लावून कोणी फरक दाखवेल अशी भीती नव्हती). बघायला आलेला प्रत्येक जण विचारायचा, किती पळते? तुम्ही एकटेच असे, की हात मागे बांधून एक फेरी मारलीत आणि विचारलंत, "थांबते का?" मी हसलो होतो. आई पण हसल्या होत्या, पण त्या उगाच, कवळी नसताना. खरी गोष्ट अशी होती, की इंजिन एका अपघातात चेपलेल्या मोठ्या गाडीचं होतं आणि ब्रेक एका छोट्याशा गाडीचे. त्या छोट्या गाडीने जन्मभर एका शिक्षिकाबाईंना शाळेत सोडलं आणि घरी आणलं. तिच्या ब्रेकना असल्या धावपळीची सवयच नव्हती.

त्या दिवशी पोस्टाच्या उतारावर काय झालं, ते तिने तुम्हाला सांगितलं का, मला माहीत नाही. सँडलची टाच मोडली, एवढंच सांगितलं असणार. माझी लाज ती माहेरी झाकते (सासरी उघडी करते, पण सासरी बघायला मी एकटाच असतो). तर सुट्टीची सकाळ होती, गाडी पहिल्यांदाच घराबाहेर काढली होती आणि तुमची लेक हौसेने बाजूला बसली होती, हे विशेष लिहून ठेवतो. उतार सुरू झाला. खाली चौकातला सिग्नल लाल झाला. मी ब्रेक दाबला. पेडल खाली गेलं, आणखी खाली गेलं, आणि मग त्याला पलीकडे काहीच सापडलं नाही. मी भराभर दाबू लागलो. बाजूलाही तेच चाललं होतं. तिची सवय तुम्हाला ठाऊक आहे. लहानपण तुमच्या शिकवणीच्या गाडीत गेलेलं. बाजूच्या सीटवर बसली की तिचा पाय पेडल शोधतो आणि नसलं तरी दाबतो. आमच्या जुन्या गाडीत तिच्या पायाखालची रबरी चटई झिजून चाळणी झाली होती आणि माझ्याकडची कोरी करकरीत. पण त्या गाडीचा तळ पत्र्याचा होता. हिचा तळ मी केलेला आहे. पातळ प्लायवूड, त्यावर फायबर. तिची टाच आरपार गेली. चांगली रस्त्याला लागली, मास्तर! त्या उतारावर गाडीला लागलेला खरा ब्रेक तेवढाच, तुमच्या लेकीची टाच.

तरी सिग्नल ओलांडलाच. पलीकडच्या गादीवाल्याने फुटपाथवर गाद्यांची चळत लावून ठेवली होती, तिच्यात शिरून गाडी थांबली. तो त्या वेळी एका नवीन जोडप्याला, ही गादी कितीही वजन झेलते, असं पटवून देत होता. (त्यांनी तीच घेतली म्हणे.) कुणाला ओरखडाही आला नाही. पण चौकात एक आजोबा उभे होते. रस्ता ओलांडायला त्यांनी एक पाय उचललेला होता. तो त्यांनी खाली टाकला नाही, म्हणून मी आज हे विनोदाने लिहू शकतोय. तो अधांतरी पाय मला अजून दिसतो. जेवताना दिसतो. तुमच्या लेकीनेही तो पाहिला. तिने अडकलेल्या सँडलमधून आपला पाय सोडवून घेतला, खाली उतरली आणि एका पायात सँडल, एक पाय अनवाणी अशी सगळा चढ चालून घरी गेली. चार शिव्या घातल्या असत्या, तर मी इतका घाबरलो नसतो. मी चार जणांच्या मदतीने गाडी ढकलत घरी पोचलो तेव्हा तिची बॅग भरून झालेली होती.

त्याच दुपारपासून कामाला लागलो. ब्रेक बदलायचे म्हणजे ब्रेक बदलायचे, असं मला वाटलं होतं. तसं नसतं. जुने ड्रम काढून पुढे मोठ्या डिस्क लावल्या, तर त्यांचे कॅलिपर (डिस्कला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरतात ते) चाकात मावेनात. म्हणून मोठी चाकं आणली. ती मडगार्डला घासू लागली, म्हणून मडगार्ड कापले. मडगार्ड कापल्यावर गाडीचं मूळ चित्राशी असलेलं साम्य संपलं. आता समोरून बघितली तर कोणी तरी तिला वाईट बातमी सांगितल्यासारखी दिसते. बरं, पुढे पहिलवान आणि मागे तेच शिक्षिकाबाईंचे, हे बरोबर नव्हे, म्हणून मागेही डिस्क लावल्या. झालं! आगीतून फुफाट्यात. आता मागची चाकं आधी अडकू लागली, आणि रिकाम्या मैदानात पहिलाच ब्रेक मारला तर गाडी गर्रकन फिरून आलेल्या वाटेकडे तोंड करून उभी राहिली. तिलाही घरी जायचं होतं बहुतेक. मग मागच्या ब्रेकचा जोर कमी करणारी एक चावी तेलाच्या नळीत बसवली. एवढं सगळं केलं, तर पेडल स्पंजासारखं दबतंय. नळ्यांत हवा!

ती हवा काढायला दोन माणसं लागतात, हे तुम्हाला मी काय सांगणार. एकाने पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने गाडीखाली झोपून चाकापाशी नट ढिला करायचा, तेलाबरोबर हवा बाहेर पडली की आवळायचा, आणि मगच पहिल्याने पाय उचलायचा. आधी उचलला की हवा पुन्हा आत. हे काम आजवर तुमच्या लेकीनेच केलं. दाब म्हटलं की दाबते आणि सोड म्हटल्याशिवाय सोडत नाही (भांडणातही तसंच, फक्त तिथे सोड म्हटलं तरी सोडत नाही). आता तिच्या जागी कोणाला बसवायचं? खालच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर तयार झाले. माणूस लाखात एक, हात हलका, पायही हलका. मी गाडीखाली गेलो, त्यांनी पेडल दाबलं, मी नट सोडला आणि तेलाचा थेंब नेमका माझ्या ओठावर पडला. मी 'आ' केलं. डॉक्टरांनी तत्क्षणी पाय उचलला आणि वरून प्रेमाने विचारलं, "दुखतंय का?" नळीभर हवा आत. पुन्हा पहिल्यापासून. दुसऱ्यांदा मी नुसता खोकलो, तरी त्यांनी पाय उचलला आणि चूळ भरून घ्यायला सांगितलं. शेवटी तोंडाला रुमाल बांधून काम केलं तेव्हा कुठे पेडल दगडासारखं घट्ट झालं. डॉक्टरांचा आता असा समज झालाय की मी फार सोशिक आहे.

मग चाचणी. दुकानांच्या मागच्या मैदानात खडूने रेघ मारली आणि बाजूच्या सीटवर तुमच्या लेकीच्या वजनाचं सिमेंटचं पोतं ठेवलं. (आकडा लिहीत नाही. हे पत्र ती वाचणार.) ब्रेक लागला, गाडी थांबली, पोतं नाही थांबलं, समोर आपटून फुटलं. सिमेंटने भुतासारखा माखून जिना चढलो तेव्हा डॉक्टरांच्या दारातले दोन पेशंट उठून निघून गेले. दुसऱ्याच दिवशी दोन्ही सीटना पट्टे लावले. आता नवं पोतं पट्ट्यात शहाण्यासारखं बसतं आणि गाडी रेघेवर थांबते. हळू थांबते, जोरात थांबते, ओल्यात थांबते. मी आनंदाने नाचायला हवं होतं. पण काही केल्या मला गाडी मैदानाबाहेर काढवेना. फाटकापर्यंत जायचो आणि पोत्याकडे बघून परत यायचो.

याचा मी खूप विचार केला, आणि मास्तर, लहान तोंडी मोठा घास घेतोय, पण यात थोडा दोष तुमचा आहे. तुमच्या शिकवणीच्या गाडीत तुमच्या बाजूलाही ब्रेकचं पेडल होतं. माझा पाय पोचायच्या आत तुमचा पोचलेला असायचा. गाडी थांबायची आणि मला वाटायचं, वा, काय थांबवली! त्याच समजुतीत मी परीक्षा पास झालो. पुढे तुमच्या जागी तुमची लेक येऊन बसली. तिच्याकडे पेडल नव्हतं, पण तिचा पाय चटईवर करकरला की माझा पाय ब्रेकवर जायचा. मी रस्त्याकडे बघत होतो असं सगळ्यांना वाटायचं, मलाही वाटायचं. मी खरं तर तिची चटई ऐकत होतो. आपल्या मनाने ब्रेक असा मी जन्मात दाबलेला नाही. पोतं गप्प बसतं, मास्तर. मला भीती वाटते. ब्रेकची नाही वाटत, ते उत्तम झालेत. कधी थांबायचं ते एकट्याने ठरवायची वाटते. आणि घरीही तेच चाललंय. दूध उतू जाईपर्यंत बघत उभा राहतो.

तर विनंती एवढीच, की गुडघा 'हो' म्हणत असेल तर तुम्ही स्वतः येऊन गाडी तपासावी. नसेल म्हणत, तर या पत्रातला ब्रेकचा तपशील वाचून निदान तिला एवढं सांगावं, की गाडी थांबते. तुम्ही म्हणालात की तिला 'कोण म्हणतं?' असं विचारता येणार नाही. आईंना नमस्कार. कवळी फार टोचत असेल तर आमच्या डॉक्टरांकडे आणा. नुसतं 'आ' केलं की थांबतात.

आपला शिष्य आणि जावई (ज्या क्रमाने झालो त्या क्रमाने)

ता. क. मुख्य गोष्ट राहिलीच. तुमच्या परसात ताडपत्रीखाली ती शिकवणीची गाडी अजून उभी आहे ना? तिच्यातलं तुमच्या बाजूचं पेडल मला द्याल का? सळईने माझ्या पेडलला जोडून घेईन. कुठे बसवायचं याचं माप घ्यायला नको, तिच्या टाचेने भोक पाडून जागा दाखवून ठेवली आहे. तळाची बाकी डागडुजी केली, ते भोक मात्र बुजवलं नाही.

दुसरा ता. क. पेडल पार्सलने पाठवू नका, पार्सलवाले आपटतात. तिच्या हाती पाठवा. तिची एक सँडल माझ्याकडे आहे, टाच नवी बसवून घेतली आहे. दुसरी तिने टाकून दिली नसेल तर घालून ये म्हणावं, आणि टाकली असेल तरी ये म्हणावं.

तिसरा ता. क. ब्रेकची एवढी तारीफ करून हे पत्र टाकायला पायी जाणं शोभेना, म्हणून गाडी घेऊन निघालो. नवे ब्रेक लावल्यापासून मैदानाबाहेर पहिल्यांदाच. पोस्टाच्या उताराच्या तोंडाशी आलो आणि ब्रेक दाबला. जागच्या जागी थांबली, बोटभरही पुढे गेली नाही. तेव्हापासून इथेच बसून हे लिहितोय. खाली सिग्नल हिरवा होतो, लाल होतो, पुन्हा हिरवा होतो. बाजूला कोणी नाही. गाडी इथेच लावून खाली पोस्टापर्यंत चालत जातो. तिला हे सांगू नका. नको, सांगा.