मुलतानीच्या वेळेला

३ नोव्हेंबर, नालवाडी

आले एकदाची. अभिराम नागपूरहून गाडीने सोडायला आला होता. पुस्तकांची खोकी जिन्यावरून चढवताना त्याने मला, मराठी साहित्याला आणि स्वतःच्या नशिबाला सारख्याच शिव्या दिल्या. धाकटा भाऊ असण्याचे तोटे! वाटेत सेलूला आलूबोंडे खाल्ले होते, त्यामुळे शिव्यांत दम होता.

घर साधं, स्लॅबचं. खाली मालक दत्तोपंत, सरकारी कचेरीतून निवृत्त, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. वर माझी मोठी खोली, छोटं स्वयंपाकघर, गच्ची. खिडकीखाली सीताफळाचं झाड आणि पलीकडे कुणाचं तरी तुरीचं वावर, पिवळ्या फुलांनी भरलेलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा घर पाहून मला हसू आलं.

दत्तोपंतांनी विचारलं, काय करता. म्हटलं, कादंबऱ्या लिहिते. यावर लोक साधारण ‘अच्छा’ म्हणून विषय बदलतात. यांनी विचारलं, शांततेत लिहिता की गाणं ऐकत? इतका नेमका प्रश्न मला एकाही संपादकाने विचारला नव्हता. मग मी भडाभडा बोलले. पहिली कादंबरी सारंगी ऐकत लिहिली, ती लोकांनी उचलून धरली. दुसरी लिहिताना लग्न झालेलं होतं आणि योगेंद्रला घरात आवाज खपत नसे. ती शांततेत लिहिली. एका परीक्षणात आलं, ‘कान नसलेल्या बाईने लिहिलेलं पुस्तक’. मग घटस्फोट झाला. त्याने फ्लॅट ठेवला, मला स्पीकर मिळाला. सौदा वाईट नव्हता.

दत्तोपंत लक्ष देऊन ऐकत होते. म्हणाले, म्हणजे तुम्हाला कान आहे तर.

५ नोव्हेंबर

दुपारी जेवून टेबलाशी बसले. पहिल्या वाक्याशी नेहमीची मारामारी चालली होती. आणि गाणं ऐकू आलं.

बाईचा आवाज. साथीला काही नाही, तंबोरासुद्धा नाही. मुलतानी, दुपार कलते तेव्हाचा राग. आवाज जवळजवळ गेलेलाच, कुजबुजीहून थोडा वर, पण प्रत्येक सूर आपल्या जागी असा बसलेला की त्या फाटकेपणाचंच कौतुक वाटावं. ‘कौन सुने अब मोरी अधूरी बात’. एवढीच ओळ, पुन्हा पुन्हा, आणि दर वेळी निराळी. शेजारी कुणी रियाज करत असावं. मी स्पीकर लावलाच नाही. वाक्य आलं, त्यामागून दुसरं आलं, आणि मान वर केली तेव्हा ऊन भिंतीवरून उतरलं होतं.

संध्याकाळी दत्तोपंत पितळी तबकात विडा घेऊन वर आले. ‘लिहून लिहून डोकं तापते, बेटा. खाऊन घ्या.’ मी विचारलं, इथे जवळ कोण गातं? ते तबक धरून तसेच उभे राहिले. मग हळू आवाजात विचारलं, स्थायीच म्हटली का, की अंतराही? म्हटलं, पहिलीच ओळ ऐकली. त्यांनी मान हलवली. मी विडा खाईपर्यंत ते तिथेच थांबले.

९ नोव्हेंबर

अशी लिहीत सुटले आहे की भीती वाटावी.

लोकांना वाटतं, लेखक गाण्यातून भावना घेतो. भावना माझ्याकडे पोत्यांनी पडल्या आहेत, कुणाला हव्या असतील तर न्याव्यात. मी घेते ती चाल. श्वास कुठे घ्यायचा, कुठे घ्यायचा नाही. एकाच शब्दापाशी पुन्हा पुन्हा परतायचं आणि तरी वाचणाऱ्याला कंटाळा येऊ द्यायचा नाही. सम कुठे येणार हे त्याला आधीच कळलं पाहिजे, आणि ती आल्यावर तरीही त्याची मान हलली पाहिजे. या बाईच्या विलंबित चालीने माझं पहिलं प्रकरण बांधलं आहे. ती रिषभावर उतरताना जो किंचित वेळ काढते, तेवढाच वेळ माझी नायिका दार उघडायला घेते.

नायिका गाणारी आहे, एका कारकुनाची बायको. ठरवली नव्हती. गाण्याबरोबर आली.

दत्तोपंत रोज विडा आणतात आणि रोज विचारतात, आज कुठपर्यंत गेली. रसिक माणूस. नशीबच म्हणायचं, मी मागे सोडून आलेला नवरा मिक्सर लावला तरी दार आपटायचा.

१४ नोव्हेंबर

पवनारच्या सखूबाई टोपली घेऊन दारावर भाजी विकायला येतात. आज वांगी निवडून देताना त्यांनी माझ्याकडे निरखून पाहिलं.

‘तुमी टिकून राह्यल्या म्हना, ताई. पहिलेची पोरगी तं नाई टिकली. मेघा. नर्सिंगची होती. बोलनंच बंद झालं तिचं. बाप आला अन् घेऊन गेला.’

का म्हणून विचारलं, तर त्यांनी खालच्या दाराकडे पाहिलं. ‘मले का माहीत! त्या म्हाताऱ्याले विचारजो.’

मी दत्तोपंतांना विचारलं नाही. वर येऊन मेघाला कादंबरीत घातलं: नायिकेची धाकटी जाऊ, जी एका सकाळी बोलेनाशी होते. त्या खऱ्या मुलीचं पुढे काय झालं, हे विचारायचं मला सुचलंसुद्धा नाही. लाज वाटायला हवी होती. पण पान चांगलं उतरलं होतं.

गाण्यातला आवाज आता बराच मोकळा झाला आहे. रियाजाचं फळ.

१९ नोव्हेंबर

घसा बसला आहे. सेवाग्रामच्या दवाखान्यात जाऊन दाखवला. स्वरतंतूंना सूज, बोलणं बंद, तिखट बंद, पानसुपारी बंद. दत्तोपंतांना हे सांगितलं तर ते हसले. म्हणाले, हा विडा औषधी आहे, गळ्यासाठीच. आणि तबक धरून उभे राहिले. म्हाताऱ्या माणसाला किती वेळ उभं ठेवणार? खाल्ला.

आज गाणं अंतऱ्याच्या तोंडाशी आलं. वर चढत गेलं, वरच्या षड्जाला हात लावणार, आणि थांबलं. मीही प्रकरण तिथेच तोडलं. नायिकेला रेडिओवर गाण्याचं बोलावणं येतं, आणि आदल्या दिवशी नवरा तिला विड्यातून शेंदूर खायला घालतो. गवयाचा गळा घालवायचा तर शेंदूर, ही जुनीच समजूत, पण मला ती कधी आठवलीच नव्हती. गाणं थांबलं त्या जागी ती समजूत मला पडलेली सापडली. लिहून झालं तेव्हा पान पुन्हा वाचून काढलं. आनंदाने.

मग संध्याकाळ झाली, तबक आलं, मी विडा खाल्ला. आता हे लिहिताना दिसतं आहे की मी काय लिहिलं आणि काय खाल्लं. पण तेव्हा ते दोन वेगळे विषय होते. एक साहित्य आणि एक शिष्टाचार.

२२ नोव्हेंबर

गळ्यातून नुसती हवा निघते. सखूबाईंच्या कानाशी तोंड नेऊन विचारलं की दुपारी इथे गातं कोण.

‘इथं कोनी गात नाई, ताई.’ मग टोपली खाली ठेवत म्हणाल्या, ‘गात होती ते शरयूबाई. म्हाताऱ्याची बायको. नागपूरच्या रेडिओवर बलावलं होतं तिले. याले पटे नाई, बायको नाव कमावून राह्यली अन् हा कचेरीत फायली उचलून राह्यला. जाच्या पहिलेच तिचा गळा गेला. मंग कायची गाते! मरेपर्यंत घरातच होती, मुकी. मरताना कोनाले हाक बी देता आली नाई.’

त्यांनी मला आपल्यासोबत पवनारला चलायला सांगितलं, आत्ताच्या आत्ता. मी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते मलाही कळलं नाही.

संध्याकाळचा विडा हातात घेतला आणि उघडला. काताच्या खाली नारिंगी लेप होता. बोटाला लागला, धुतला तरी निघाला नाही.

दत्तोपंतांनी पाहिलं. लपवायचा प्रयत्नही केला नाही. जिन्याच्या पायरीवर बसले आणि घरभाड्याचं बोलावं तसं बोलले. म्हणाले, या खोलीत राहणाऱ्याला ती ऐकू येते. मला नाही. मी रोज या पायरीवर बसतो, मला एक सूर ऐकवत नाही ती. तिचा गळा मी घेतला, तर तिला एक गळा देणं लागतो मी. त्या मेघाचा पुरला नाही. तिला गाण्याचं काही नव्हतं. ‘तुम्ही ऐकता, बेटा. पूर्ण जीव लावून ऐकता.’

आणि त्यांचे डोळे भरून आले. माझे नाही. मला त्या रडण्याची किळस आली. बायको जिवंत असताना जे याला ऐकून घेता आलं नाही, ते आता दुसरीच्या गळ्यातून हवं.

२३ नोव्हेंबर

बॅग भरली. बस दर थोड्या वेळाने असते. चप्पल पायात होती.

मग दुपार कलली आणि ती अंतऱ्यावर आली.

शेवटचं प्रकरण राहिलं आहे. फक्त शेवटचं. ते दुसरीकडे लिहिता येणार नाही, हे मला पक्कं माहीत होतं, आणि एक सुजलेला गळा काय, आज ना उद्या बरा होईल. कुणी मला कोंडलं नव्हतं. दार उघडं होतं. मी चप्पल काढली.

अर्धं लिहिलं. आजवर लिहिलेल्यात सगळ्यांत चांगलं.

२४ नोव्हेंबर

कालचा विडा परत पाठवला. त्याने काही फरक पडला नाही.

आज गाणं ऐकताना हात थांबला. आवाज ओळखीचा— किंचित नाकात, ‘र’ जरा जड. लहानपणापासून अभिराम त्या ‘र’ची नक्कल करतो.

माझा आवाज. माझ्या आवाजात मुलतानी. मला गाता येत नाही, कधीच आलं नाही. तिला येतं.

तोंड उघडून ओरडून पाहिलं. हवासुद्धा वाजली नाही.

आवाजाशिवाय एकटीने बसने निघायचा धीर झाला नाही. अभिरामला लिहिलं, उद्या ये, घेऊन जा. बॅग तशीच भरलेली आहे.

खाली कुणीतरी ‘वा’ म्हणालं. दत्तोपंत. त्यांना ऐकू आलं—

२५ नोव्हेंबर

दाराला बाहेरून कडी. धक्के मारले. जिन्यात त्यांचा श्वास ऐकू येतो. उघडत नाहीत.

अभिरामची गाडी आली. खिडकीच्या गजांतून हात बाहेर काढले, हलवले. त्याने वर पाहिलं, हसला.

आणि माझ्या मागून, खोलीतूनच, माझ्या आवाजात—

‘अभ्या, तू जा रे. शेवटचं प्रकरण रंगलंय, आता निघाले तर मोडेल. पुढच्या रविवारी ये.’

अभ्या. हे नाव मी कुणासमोर घेतलेलं नाही. इथे तरी नाही.

मी मान हलवत होते, नाही, नाही. गज आपटत होते. त्याला माझा चेहरा उन्हात दिसला नसेल. तो खालून ओरडला, मेसेजमध्ये रडतेस आणि आलो तर हाकलतेस, लेखकांचं काही खरं नाही. हात हलवला. त्याला वाटलं, मी पण हात हलवते आहे—

गाडी वळली.

मेसेज पाठवला: तो आवाज माझा नव्हता, परत ये. एकच टिक. गाडी चालवत असेल—

मागे वळून पाहिलं. कुणी नाही. नुसता आवाज. टेबलाच्या जरा वर, माणूस बसल्यावर तोंड येईल तिथून.

अंतरा सुरू झाला. षड्ज लागला. स्वच्छ, भरलेला. खाली म्हातारा हुंदके देतो आहे. हा सूर सुंदर आहे, हे मला या क्षणीही कळतं आहे, आणि याचाच मला संताप—

गाणं थांबलं. आता ती बोलते. सावकाश, मधे जागा सोडत, शाळेत बाई शुद्धलेखन घालतात तशी. आधी वाटलं कादंबरीतलं वाक्य आहे. नाही. हेच. मी लिहिते आहे ते. मी लिहायच्या आत ती म्हणते, आणि मग माझा हात—

पेन खाली ठेवत नाही आहे मी. ठेवता येत—

ती पुढचं वाक्य म्हणाली आहे. ते मी लिहिणार नाही. ते अभ्याच्या नावाने सुरू होतं आणि त्यात गाडी, ट्रक आणि सेलूचा