प्रतापच्या आईंनी पाणी मागितलं

सांगली, शनिवार, १२ डिसेंबर १९६४

आज आमच्या सांगलीच्या कॉलेजनं साताऱ्याच्या मुलींना खोखोत हरवलं, पण डोक्यात घोळतायत प्रतापच्या आई. इस्लामपूरच्या ऊसवाल्या मराठा घरातल्या त्या, लेकाबरोबर सामना बघायला आलेल्या.

"लय पळतीस! कुणाची गं तू?"

प्रतापचा चेहरा उतरला. मी सरळ सांगितलं, "मेढ्याच्या कांबळ्यांची. आम्ही बौद्ध."

त्यांनी माझ्या तांब्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "वरडून घसा सुकलाय. तुज्या तांब्यातलं पानी दे."

आणि तोंड लावून प्यायल्या. तोंड लावून!

नंतर सायकलपाशी प्रताप म्हणाला, "घरी आपल्या लग्नाचं सांगून टाकू?"

"आधी मला तर विचार!"

कबड्डीत सात जणांना भिडणारा हा, विचारताना चक्क अडखळला. मी हो म्हणाले.