टेबलाखालच्या पायऱ्या

माय, सूनबाईनं दगडाचं जेवणाचं टेबल घेतलं आहे आणि ते बाबांनी, म्हणजे मी, निवडलं असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते. मी काही निवडलं नाही. मी फक्त नाही म्हटलं नाही.

वर्ध्याला नागपूर रोडवरच्या दुकानात ती मला घेऊन गेली होती. मी सातवी नापास माणूस, तिथं काय बोलायचं ते सुचेना. धास्ती एकच, एवढा दगड घरात आणल्यावर आपली फरशी फुटली तर? दुकानदार जुन्या इमारतींसारखी टेबलं दाखवत होता. एकाचे पाय देवळाच्या खांबांसारखे, एकाचे किल्ल्याच्या कमानीसारखे. मग त्यानं काळ्या दगडाच्या एका टेबलावरची चादर ओढली. "हे पायविहिरीवरून बनवलं आहे, बाबाजी. खाली वाकून पाहा." मधल्या जाड खांबापासून चारही बाजूंना पायऱ्या उतरत गेल्या होत्या. सूनबाईला ते पाहताक्षणी आवडलं.

मला गावची पायविहीर दिसायला लागली. तू काठावर रिकामी घागर घेऊन उभी आहेस. आपल्या लोकांनी खाली उतरायचं नाही. पाणी भरून वर आलेल्या एखाद्या बाईच्या मनात आलं तर ती वरूनच तुझ्या घागरीत ओतणार. मी खेळता खेळता पहिल्या पायरीवर पाय ठेवतो. "पोराले धर वं!" कोणीतरी ओरडतं. तू दंडाला धरून मला ओढतेस आणि मुस्काटात देतेस. दुसऱ्या कोणाचा हात उठायच्या आत तू आपला उचललास, हे समजायला मला फार वर्षं लागली. तोवर मी तुझ्यावर रुसूनच राहिलो.

दुकानात मी खुर्चीवर बसून पाहिलं. पाय आपोआप पायरीवर गेले. "बाबाजी, पाय नका ठेवू तिथं, डाग पडते," दुकानदार म्हणाला. मी चटका बसल्यासारखे पाय वर घेतले. सूनबाई मात्र उसळली. "काऊन नाई ठेवायचे? आमच्या घरी आल्यावर बाबा तुम्हाले इचारून पाय ठेवतीन का?" दुकानदार हसला, आणि सौदा झाला.

तुझ्या म्हातारपणी गावात नळ आला आणि विहीर कोणाचीच राहिली नाही. अडवणारंही कोणी उरलं नाही. एकदा बाजारातून येताना तू तिच्या काठाशी थांबलीस. "आतून कशी असन रे?"

"काई नाई तिथं. मी पाहून आलो. चाल, ऊन तापून राह्यलं."

तू मान हलवलीस आणि चालू लागलीस. पुन्हा कधी विचारलं नाहीस. तुझा हात धरून उतरवलं असतं तर काय बिघडलं असतं?

टेबल आलं. फरशी फुटली नाही. जेवताना सगळे त्या पायऱ्यांवर खुशाल पाय ठेवतात. मी खुर्चीवर मांडी घालून बसतो. "बाबा, पडान ना एखाद्या दिवशी!" सूनबाई ओरडते. गुडघ्याले बरं वाटते, असं मी म्हणतो.

हा कागद घडी करून उशीखाली ठेवीन. तुझ्यापर्यंत पोचवणारं कोण आहे? पण माय, त्या दिवशी मी खोटं बोललो. विहीर मी पाहिली नव्हती. अडवणारं कोणी नव्हतं, तरी मीही कधी उतरलो नाही.