उरलेल्या मुदतीची जागा

शुक्रवार पेठ, सोलापूर

प्रिय महेश्वरी,

तुझं चांगलं झालं की माझ्या पोटात का दुखतं? हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयासमोरचा तुझा फोटो मी मोठा करून पाहिला. आधी मागची इमारत, मग तुझे बूट. अम्मी म्हणाली, "सहेली है, दुवा दे." दिली, मग बूट पुन्हा पाहिले.

लॉ कॉलेजात सरांनी त्याच न्यायालयातली रिकामी जागा भरायची नक्कल करवली होती, आठवतं? हॉलमध्ये संयुक्त राष्ट्रांची आमसभा, लायब्ररीत सुरक्षा परिषद. निवडून यायला दोन्हीकडे बहुमत हवं. हॉल मला निवडायचा, लायब्ररी तुला. फेरीमागून फेरी तेच. शेवटी वर्गातला आसिफ ओरडला, "एकीनं माघार घ्या की गं, कँटीन बंद होतंय!" मी घेतली. 'सबिहाचं मन लई मोठं' म्हणून टाळ्या पडल्या आणि हेगसाठी सरांची शिफारस तुला मिळाली. खरं सांगू? त्या टाळ्या मला अजून टोचतात. घरातली पहिली पदवीधर म्हणून अब्बांनी टेम्पोवर माझं नाव रंगवून घेतलं. पण टेम्पो मोडनिंबच्या पुढे जात नाही.

आता तू ज्यांची सहायक आहेस त्या न्यायाधीशांनी राजीनामा दिला. त्यांच्या जागी निवडून येणाऱ्याला त्यांची उरलेली मुदतच मिळणार, आणि तो आपले सहायक आणणार. म्हणून तू परत येतेस. तुझ्या पत्रात हे वाचून वाईट वाटलं. थोडं बरंही वाटलं. मग पुढची ओळ वाचली: "नीलम्मा मॅडमच्या जागेसाठी मी अर्ज केलाय. तू माघार घेशील ना? तुझी वकिली आहेच की."

मॅडम वर्षाच्या मध्येच आपलं कॉलेज सोडून गेल्या. मीही अर्ज केलेली ही जागा एप्रिलपर्यंतचीच आहे. पण विषय आंतरराष्ट्रीय कायदा. मी कोर्टात सीनियरांसाठी तारखा घेत फिरते. मोठ्या देशांनाही कुणापुढे तरी उत्तर द्यावं लागतं, हे वर्गात उभं राहून सांगायचं, एवढंच मला हवं आहे.

अम्मीला तुझी ओळ वाचून दाखवली. भाकरी थापता थापता ती म्हणाली, "हर बार तूच कायकू हटना?"

तुला हे दुसऱ्या कुणाकडून कळू नये म्हणून लिहिते आहे. तुझा अनुभव मोठा, जागा कदाचित तुलाच मिळेल. मिळाली तर ती निवड समितीनं दिलेली असेल, मी नाही. माघार मी घेतलेली नाही. आज सकाळी मुलाखत देऊन आले.

तरीही तुझीच,
सबिहा