काकांचं सोवळं आणि नवं कार्ड

ती. वर्धमानदाजींस,

कुपवाडहून भरतेशचा जय जिनेंद्र. प्रीतीताईची कंबर आता कशी आहे? तुमच्या साताऱ्याच्या काँप्युटरच्या दुकानात गिऱ्हाईक बरं असेल. नसेल तर कळवू नका, इथं आमचंच पुष्कळ वाईट चाललंय. फोनच केला असता, पण भूपालकाका शेजारी बसून ऐकतात, म्हणून हे पत्र एसटीतून पाठवतोय.

कारखान्यातला इंटरनेटचा राउटर तापून त्यातलं कार्ड (ज्यात सगळ्या यंत्रांच्या वायरी खोचतात ते) जळालं, म्हणून तुम्ही नवं कार्ड आणि नवा पंखा पाठवलात. जुना पंखा काढल्यावर तापण्याचं कारण सापडलं. दर खंडेनवमीला काका लेथबरोबर राउटरलाही हळदकुंकू वाहतात, आणि तेही जाळीतून आत, अगदी मनापासून. (काका मालक, मी पुतण्या. त्यामुळे अक्कल त्यांची आणि झाडू माझा.) सोमवारी पुण्याची पार्टी आमचं यंत्र चालताना तिकडूनच इंटरनेटवरून पडद्यावर बघून मगच ऑर्डर देणार आहे. ती हुकली तर लेथवरच्या कृष्णातसकट निम्मे कामगार घरी बसतील, आणि त्या विचारानं मला जेवण गोड लागत नाही.

तुमच्या सूचना मी मोठ्यानं वाचल्या. काकांनी प्लग काढला, वायरींना चिठ्ठ्या लावल्या. मग "पूजेबिगर नवी वस्तू आत जाणार न्हाई," म्हणून घरी गेले आणि आंघोळ करून सोवळ्यात परत आले. रेशमात किड्यांची हिंसा, म्हणून काकांचं सोवळं पॉलिस्टरचं! तुम्ही लिहिलं होतं की पॉलिस्टर, प्लास्टिक घासून अंगात साठलेली वीज कार्डाला मारते, तेव्हा मनगटाला पट्टा बांधून त्याची तार राउटरच्या लोखंडाला जोडा. काकांनी पट्टा हुंगला. "चामड्याचा दिसतोय रं. पूजेत चालत न्हाई." रबराचा आहे म्हणून मी शपथा घेतल्या, पण व्यर्थ. त्यांनी देवळातला लाल नाडा बांधला, प्लास्टिकच्या चटईवर सरकत सरकत पुढे आले आणि कार्डाला गंध लावायला बोट टेकलं. चट्ट आवाज झाला. ठिणगीसुद्धा दिसली. काका हात जोडून म्हणाले, "बघ, प्राण आला."

आला नाही दाजी, गेला. दोन्ही बसवून प्लग लावला, तर पंखा झकास फिरतोय, पण कार्डावरचा एक दिवा लागेल तर शपथ. किड्यांचा जीव वाचला, कार्डाचा गेला. हे मी बोलून दाखवलं, तर काका म्हणतात, "वर्धमाननं खराब माल पाठवला असंल. जावई हाय म्हणून बोलत न्हाई." हे मुद्दाम कळवतोय, जरूर वाईट वाटून घ्या.

ताईला नमस्कार सांगा.

तुमचा,
भरतेश

ता. क. शनिवारपर्यंत दुसरं कार्ड पाठवा. खोक्यावर बाहेरूनच हळदकुंकू लावा आणि ठळक अक्षरांत लिहा, 'पूजा झालेली आहे, पुन्हा करू नये.'

आणखी ता. क. नुसतं लिहू नका, खरंच एक उदबत्ती ओवाळा. (लांबून. राख आत पडू देऊ नका.) हसू नका दाजी, ऑर्डरचा प्रश्न आहे.